कब कॅडेट : झिजेची तजवीज

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील शहरांच्या हद्दी ओलांडून जी नवी वसती पसरत गेली, तीत पुष्कळ घरांभोवती एक-दोन एकर मोकळी जमीन आली. आणि तिच्यावरचे गवत कापणे, भाजीपाल्यापुरती नांगरट करणे, हिवाळ्यात दारापुढचे बर्फ सारणे, ही कामे शेतावरच्या मोठ्या ट्रॅक्टरला क्षुल्लक, तर माणसाच्या दोन हातांना डोईजड होऊन बसली. या गरजेतून जे अनेक गार्डन ट्रॅक्टर बाजारात आले, त्यांत इंटरनॅशनल हार्व्हेस्टर कंपनीने १९६० च्या अखेरीस केंटकी राज्यातील लुईव्हिल येथून काढलेल्या पिवळ्या-पांढऱ्या ‘कब कॅडेट’चे स्थान माझ्या मते सर्वांत मानाचे आहे. त्याच कारखान्यात १९४७ पासून ‘फार्मॉल कब’ हा छोटा शेती-ट्रॅक्टर तयार होत असे, आणि कंपनीने त्याच्याच धाटणीचा गिअरबॉक्स या नव्या यंत्राला दिला. इंजिन अवघे सात अश्वशक्तीचे, पण त्यामागची दंतचक्रे मात्र नांगर ओढणाऱ्या कुळातली.

ही कंपनी मराठी शेतकऱ्याला अपरिचित नाही. १९६३ मध्ये महिंद्र आणि व्होल्टास यांच्यासह तिने मुंबईत कांदिवलीला ट्रॅक्टरचा कारखाना उभारण्याचा उपक्रम केला, आणि त्यातून निघालेला ‘बी-२७५’ आपल्याकडील अनेक गावांनी पाहिला आहे.

साठ वर्षांपूर्वीचे कब कॅडेट आजही अमेरिकेतील अंगणांत आणि गोठ्यांत चालू स्थितीत आढळतात. याचे श्रेय केवळ जाड लोखंडाला देऊन भागणार नाही. प्रत्येक यंत्र झिजणारच, हे गृहीत धरून ती झीज कोणत्या भागाने सोसावी, ती कशाने मोजावी आणि किती वेळा भरून काढता यावी, याची तजवीज कारखान्याने आरंभीच करून ठेवलेली होती. जुन्या ट्रॅक्टरची दुरुस्ती करणाऱ्याचे कौशल्य म्हणजे ही तजवीज वाचता येणे.

इंजिनच पाहा. विस्कॉन्सिनमधील कोहलर कंपनीचे ‘के’ मालिकेतील हे इंजिन एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे आणि ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचे. सिलिंडर झिजून धूर येऊ लागला, म्हणजे तो बोअर करून ०.०१०, मग ०.०२० आणि शेवटी ०.०३० इंचाने मोठा पिस्टन बसविण्याची मुभा निर्मात्यानेच दिलेली आहे. क्रँकचा पिन घासून घेतला तर त्या मापाचा कनेक्टिंग रॉडही मिळतो. व्हॉल्व्ह ब्लॉकच्या कुशीत असल्याने हेड हे नुसते झाकण ठरते. बोल्ट सोडून ते उचलले की पिस्टनचा माथा आणि दोन्ही व्हॉल्व्ह समोर दिसतात, साचलेला कार्बन खरवडता येतो आणि व्हॉल्व्ह घासून बसविता येतात. एवढी पारदर्शक रचना आजच्या यंत्रांत क्वचितच सापडते, आणि तिचा मला मनापासून आदर वाटतो.

ठिणगी देणारे पॉइंटही असेच सोयीच्या जागी आहेत. इतर कित्येक लहान इंजिनांत ते फ्लायव्हीलखाली दडलेले असतात, त्यामुळे त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी अर्धे इंजिन सोडावे लागते. येथे ते ब्लॉकच्या बाजूस एका लहान झाकणाखाली बसविलेले आहेत आणि कॅमशाफ्टवरून येणारी एक बारीक दांडी त्यांना उघडते. ०.०२० इंचाचे अंतर हे सर्वसाधारण माप. परंतु जाणता कारागीर त्यावर विसंबत नाही. तो फ्लायव्हील हाताने फिरवून त्यावरची ‘एस’ ही खूण ती पाहण्यासाठी ठेवलेल्या भोकासमोर आणतो आणि पॉइंट नेमके त्या क्षणी उघडतात की नाही, हे चाचणीच्या दिव्याने पाहतो. कारण ती दांडीही झिजते, आणि तिच्या झिजेचा हिशेब फीलर गेजला कळत नाही.

निर्मात्याची प्रत्येक योजना मात्र शिरोधार्य मानावी असे नाही. मोठ्या ‘के’ इंजिनांत कंप कमी करण्यासाठी वजनदार समतोल-चक्रांची जोडी बसविलेली असे. तिचे बेअरिंग झिजले की चक्र सुटून ब्लॉकलाच भोक पाडते. म्हणून इंजिन पूर्ण उघडल्यावर पुष्कळ अनुभवी मंडळी ही चक्रे परत बसवीतच नाहीत. थोडा अधिक कंप सोसून ब्लॉक वाचविणे हा सौदा मला रास्त वाटतो.

पहिल्या कब कॅडेटमध्ये इंजिनाची शक्ती पट्ट्याने गिअरबॉक्सकडे जाई. १९६३ मध्ये आलेल्या ‘७०’ आणि ‘१००’ या नमुन्यांत पट्टा जाऊन सरळ शाफ्ट आला, आणि या यंत्राची खरी कीर्ती तेथून सुरू होते. त्या शाफ्टवर क्लचची स्प्रिंग आणि तबकड्या आरपार गेलेल्या पिनांनी धरलेल्या असतात. पिन ही अल्पमोलाची, बदलण्यासाठीच केलेली वस्तू. पण ती सैल झाल्यावरही ट्रॅक्टर तसाच चालविला तर तिचे भोक लांबट होते आणि अखेर सबंध शाफ्ट टाकून द्यावा लागतो. पिनेने भरावयाचा कर असा शाफ्टवर पडतो. १९७४ पासूनच्या ‘क्वाएट लाइन’ ट्रॅक्टरांत इंजिन रबरी आधारांवर ठेवले, त्यामुळे आवाज खरोखर कमी झाला. परंतु रबर वृद्ध झाले की इंजिन खचते, शाफ्टची रेषा बिघडते आणि क्लच अकारण खाल्ला जातो. तेव्हा अशा ट्रॅक्टरचा क्लच वरचेवर बिघडत असेल, तर दोष आधी त्या आधारांत शोधावा.

१९८१ मध्ये इंटरनॅशनल हार्व्हेस्टरने कब कॅडेटचा व्यवसाय एमटीडी या कंपनीस विकला. झिजणारे बहुतेक भाग आजही मिळतात, पण काही ओतीव आणि पत्र्याचे भाग निकामी ट्रॅक्टरांवरूनच काढावे लागतात. म्हणून बंद पडलेले धूडही जाणकार मोडीत घालत नाहीत. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते, ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही आणि ओलावाही शोषून घेते; सबब नळ्या बदलणे आणि हंगाम संपताच कार्बुरेटर रिकामा करणे ही कामे नव्याने नित्याची झाली आहेत.

या ट्रॅक्टरांचे मालक कधी कधी एखाद्या शेतावर जमून लहान नांगर जोडून नांगरट करतात. नव्या रंगाने चकाकणाऱ्या यंत्रापेक्षा त्या दिवशी चरात उतरणारे, रंग उडालेले यंत्र मला अधिक प्रिय आहे, परंतु त्यालाच अधिक जपावे लागते. नांगरताना एका बाजूची चाके चरात राहतात, सारा ट्रॅक्टर कलतो, आणि या इंजिनात तेलाचा पंप नसल्यामुळे कनेक्टिंग रॉडच्या टोकाशी असलेला पळा जेवढे तेल उडवील तेवढेच वंगण. पातळी उतरलेली असली तर पळा कोरडाच फिरतो, रॉड क्रँकला चिकटून तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. म्हणून नांगरट सुरू करण्यापूर्वी, आणि काम लांबले तर मध्येही, ट्रॅक्टर सपाट जमिनीवर आणून, इंजिन बंद करून तेलाची दांडी पाहावी.