रात्रपाळी आणि शरीराची दैनिक लय

रात्रपाळी म्हणजे पाळ्यांनी चालणाऱ्या कामातील रात्रीची पाळी. कारखाने, रुग्णालये, रेल्वे, वीजकेंद्रे, पोलीस दल आणि कॉल सेंटर यांचे काम अहोरात्र चालते. तेथे दिवसाचे सहसा आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांत विभाजन केलेले असते. मुंबईच्या कापड गिरण्यांतही अशा तीन पाळ्या चालत. रात्रपाळीमुळे झोप, सतर्कता आणि चयापचय यांवर परिणाम होतो.

जैविक घड्याळ

मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील सुप्राकायझ्मॅटिक केंद्रक हे शरीराचे मुख्य घड्याळ होय. त्याचे आवर्तन २४ तासांहून किंचित दीर्घ असते आणि डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशामुळे ते रोज दिवस-रात्रीशी जुळवले जाते. अंधार पडल्यावर पिनिअल ग्रंथीतून मेलॅटोनिन स्रवते, तर जाग येण्याच्या सुमारास कॉर्टिसॉलची पातळी वाढते. पेशींतील या घड्याळाची आनुवंशिक यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कामाची वेळ बदलली तरी हे घड्याळ लगेच बदलत नाही. सकाळी घरी परतताना अंगावर पडणारे ऊन त्याला पुन्हा दिवसाकडे ओढते. त्यामुळे वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांपैकीही बहुतेकांचे शरीर तिच्याशी पूर्णपणे जुळत नाही.

सतर्कतेवरील परिणाम

शरीराचे तापमान पहाटे नीचांकी असते. त्याच वेळी सतर्कताही सर्वांत कमी असते. सलग १७ तास जागे राहिल्यास कार्यक्षमता रक्तात ०.०५% मद्यार्क असल्याइतकी खालावते, असे डॉसन व रीड यांनी १९९७ मध्ये दाखवले. भारतात वाहनचालकासाठी मद्यार्काची मर्यादा ०.०३% आहे. त्यामुळे रात्रपाळी संपवून स्वतः वाहन चालवत घरी जाणे विशेष धोक्याचे ठरते. थ्री माइल आयलंड (१९७९) आणि चेर्नोबिल (१९८६) येथील अणुभट्टी-दुर्घटना मध्यरात्रीनंतर घडल्या. त्यांची कारणे अनेक असली, तरी रात्रीच्या कामातील मानवी चुकांच्या चर्चेत त्यांचा उल्लेख होतो.

ताण व आरोग्य

दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा साधारणतः एक ते चार तास कमी भरते आणि उजेड व गोंगाट यांमुळे वारंवार मोडते. अपुरी झोप आणि कुटुंबाच्या वेळापत्रकाशी न जुळणारी दिनचर्या यांमुळे मानसिक ताण वाढतो. रात्री घेतलेल्या आहारातील शर्करेचे नियमन शरीराला नीट करता येत नाही. दीर्घकाळ रात्रपाळी करणाऱ्यांत पचनाच्या तक्रारी, मधुमेह आणि हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१९ मध्ये रात्रपाळीचे वर्गीकरण ‘बहुधा कर्करोगकारक’ (गट २अ) असे कायम ठेवले.

उपाययोजना

पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकवणे शरीराला तुलनेने सोपे जाते. उलट क्रम जड जातो. पाळीच्या पूर्वार्धात प्रखर प्रकाश, पाळीपूर्वी किंवा मधल्या सुटीत अल्प निद्रा, चहा-कॉफी केवळ सुरुवातीच्या तासांत आणि दिवसा झोपण्यासाठी अंधारी, शांत खोली हे उपाय उपयुक्त ठरतात. मध्यरात्रीपलीकडे चालणाऱ्या पाळीतील कामगाराची साप्ताहिक सुटी पाळी संपल्यापासून सलग २४ तास मोजावी, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात करण्यात आली. पाळी संपल्यावर उरलेल्या त्याच दिवसाला ‘सुटी’ म्हणण्याची पळवाट तिने बंद केली.