सांदणचे डोह : शीतजलात उतरण्यापूर्वी

रुग्णाला औषध लिहून दिल्यानंतर पथ्यापथ्याच्या शेवटी 'विहार' या नावाखाली आपण सर्वजण दोन-चार वाक्ये सांगतो. सकाळी चालावे, मोकळ्या हवेत राहावे, जमल्यास महिन्यातून एकदा डोंगरात जाऊन यावे. हा सल्ला योग्यच आहे. परंतु अलीकडे सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतील घळी, धबधबे आणि डोह यांकडे लोकांचा ओघ वाढला आहे, आणि सोमवारी दवाखान्यात मुरगळलेला घोटा, दुखरा कान अथवा वाहणारे नाक घेऊन कोणी ना कोणी येतेच. "वैद्यराज, तिथल्या पाण्यात पोहलं तर चालेल ना?" असा प्रश्नही येतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ते पाणी आपण स्वतः पाहावे, या हेतूने आम्ही बारा जण मार्गशीर्षातील एका रविवारी सांदण दरीत जाऊन आलो. आमच्यात नऊ चिकित्सक होते, दोन औषधी निर्माते होते आणि अनेक वर्षे संहिता शिकविणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते. त्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणतो.

सांदणचे स्थान

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, घाटमाथ्याच्या अगदी कडेला साम्रद नावाचे छोटे गाव आहे. घोटीहून बारीमार्गे शेंडीला यावे आणि १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या जलाशयाला वळसा घालून पुढे जावे. हा सर्व मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. १९८६ साली घोषित झालेल्या या अभयारण्यात राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) आहे, रतनगड आहे आणि अमृतवाहिनी म्हणून गौरविलेल्या प्रवरेचा उगमही आहे.

साम्रदपासून थोडे चालले की जमीन एकाएकी दुभंगते. लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणातील भेगा पाण्याने युगानुयुगे झिजवून ही घळ कोरली आहे. दोन्ही बाजूंना दोनशे फुटांहून उंच सरळ कडे आणि मध्ये कोठे अंगणाएवढी, तर कोठे बोळाएवढी वाट. तळाशी दिवसाचा फार थोडा वेळ ऊन पोहोचते, म्हणून तिला सावलीची दरी असेही म्हणतात. घळीत शिरल्यावर लवकरच एकामागून एक दोन डोह लागतात. पुढे जायचे तर त्यांतूनच जावे लागते, दुसरी सोपी वाट नाही. पावसाळा नुकताच सरलेला असताना हे पाणी छातीपर्यंत किंवा त्याहूनही वर असते. उन्हाळा चढेल तसे ते गुडघ्यावर येते. डोहांच्या पलीकडे प्रचंड शिळांवरून उतरत घळ कोकणच्या बाजूस, शहापूर तालुक्याकडे झेपावते. तेथून पुढे दोरांशिवाय जाता येत नाही. आम्ही पहिल्या कड्यापाशी थांबून परतणार होतो.

हेमंत ऋतूची निवड आम्ही विचारपूर्वक केली होती. या ऋतूत बल उत्तम असते, अग्नी प्रदीप्त असतो आणि अर्धशक्ती व्यायामाला शास्त्राची अनुज्ञा आहे. कपाळ, नाक व काखा यांना घाम येऊन तोंडाला कोरड पडू लागली की अर्धे बल खर्ची पडले, हे लक्षण आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. डोहापर्यंतची उतरण संपेपर्यंत आमच्यापैकी निम्म्या मंडळींत ते लक्षण स्पष्ट दिसत होते.

पाण्याची परीक्षा

पहिल्या डोहाशी पोहोचल्यावर साहजिकच चर्चा पाण्यावर आली. पाणी इतके स्वच्छ होते की तळाचे गोटे मोजता यावेत. ते पाहून आमच्यातील एका तरुण वैद्याने ओंजळ भरली. सरांनी त्याला थांबविले आणि तेथेच एक छोटे व्याख्यान दिले.

सुश्रुताचार्यांनी पश्चिमाभिमुख नद्यांचे पाणी लघु व पथ्यकर आणि पूर्वाभिमुख नद्यांचे गुरू म्हटले आहे. वाग्भटाचार्यांनीही पश्चिम समुद्राला मिळणाऱ्या, वेगाने वाहणाऱ्या आणि निर्मळ पाण्याच्या नद्यांना पथ्य ठरविले आहे. येथे गंमत अशी की एकाच डोंगरधारेवर दोन्ही प्रकार आहेत. प्रवरा पूर्वेकडे जाऊन गोदावरीला मिळते आणि सांदणचे पाणी पश्चिमेस कोकणात उतरते. मग हे पाणी पथ्य का मानू नये? कारण हेच आचार्य सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्यांचे पाणी कुष्ठाला कारण होते असेही सांगतात. शिवाय पाने व शेवाळ साचलेले आणि सूर्य, चंद्र व वारा यांचा स्पर्श न झालेले पाणी त्यांनी वर्ज्य मानले आहे. वाहते तेव्हाचे सांदणचे पाणी निराळे आणि पाऊस थांबल्यावर सावलीत साचून राहिलेले निराळे. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले आणि अगस्त्य ताऱ्याच्या उदयाने निर्विष झालेले शरद ऋतूतील पाणी म्हणजे हंसोदक. त्या अगस्त्य ऋषींचे स्थान याच तालुक्यात, अकोल्याला प्रवरेच्या तीरावर आहे. परंतु या घळीच्या तळाशी ना पुरेसा सूर्य पोहोचतो ना चंद्र. तेव्हा डोळ्यांना निर्मळ दिसले तरी हे पाणी पिण्याचे नव्हे. आज सूक्ष्मजीवांच्या परिभाषेत आपण हेच सांगू. तरुण वैद्याने ओंजळ रिकामी केली.

दुसऱ्या डोहाशी

आमच्याबरोबर साम्रदचे एक वाटाडे होते. महादेव कोळी समाजातील हे पन्नाशीचे गृहस्थ साऱ्या वाटेवर फारसे बोलले नव्हते. पहिला डोह कमरेइतक्या पाण्यातून आम्ही सावकाश पार केला. त्यापुढे शिळांवरून चढउतार करताना अंग पुन्हा तापले. दुसऱ्या डोहाच्या काठी मामांनी सर्वांना बसण्याची खूण केली.

"घाम निवू द्या आधी. पाणी कुठं पळून जात न्हाई."

आम्ही बसलो. सर मात्र उत्साहात होते. लहानपणी नदीत पोहलेला माणूस. अंगावरचा सदरा काढून ते घामेजल्या अंगाने सरळ पाण्यात झेपावले. पाणी त्यांच्या छातीच्या वर आले. पुढच्या क्षणी त्यांनी मोठा श्वास आत ओढला आणि तो त्यांना सोडता येईना. तोंड उघडे, डोळे विस्फारलेले, हात मात्र हलत नव्हते. आम्हा सर्वांना ते हसत आहेत असे वाटले. मामांना तसे वाटले नाही. ते कपड्यांसह पाण्यात शिरले आणि त्यांनी सरांना काखेत धरून काठाशी आणले.

बाहेर आल्यावर सरांची बोटे पांढरीफटक पडली होती, दात वाजत होते आणि नाडी अतिशय द्रुत व विषम लागत होती. त्यांचे ओले कपडे काढून अंग कोरडे केले, आमच्याजवळच्या सर्व शाली त्यांच्याभोवती गुंडाळल्या आणि श्वास ठीक झाल्यावर थर्मासमधील सुंठीचे कोमट पाणी घोट घोट दिले. अर्ध्या तासाने नाडी पूर्वपदावर आली. त्या अर्ध्या तासात आम्ही कोणी फारसे बोललो नाही. घळीच्या तळाशी ना वाहन येऊ शकत होते ना डोली सहज आली असती. प्रसंग हातघाईवर आला असता तर अनेक वैद्य भोवती असूनही आमच्या हाती फार थोडे होते.

बोलू लागल्यावर सरांचे पहिले वाक्य असे होते : "चिकित्सास्थान, सातवा अध्याय. दरवर्षी शिकवतो."

उष्णतेने, श्रमाने अथवा भयाने पीडित असताना घाईने शीतजलाचे सेवन करणे हा चरकाचार्यांनी कुष्ठाच्या हेतूंत सांगितलेला विषय आहे. परीक्षेत आपण तो कुष्ठाच्या प्रकरणात लिहितो आणि तेथेच ठेवतो. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानही सांगते की थंड पाण्यात एकाएकी उतरल्यास अनैच्छिक श्वास ओढला जातो, हृदयाची गती व रक्तदाब झपाट्याने वाढतात आणि पहिली एक-दोन मिनिटेच सर्वांत धोक्याची असतात. त्या श्वासाच्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पोहता येणे उपयोगी पडत नाही. मामांनी यांपैकी कोणताही ग्रंथ वाचलेला नव्हता. नियम मात्र त्यांना ठाऊक होता आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाण्याच्या काठी तो त्यांना आठवला होता.

त्यानंतर बाकीचे सर्वजण घाम पूर्ण निवल्यावर, प्रथम पाय, मग हात व तोंड भिजवून, हळूहळू पाण्यात उतरलो. तरीही पाच-सहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ कोणी आत राहिले नाही.

मदनफळांची पिशवी

परतीच्या वाटेवर, माथ्यावरील झाडीत दुसरा प्रसंग घडला. तेथे हिरडा आहे, जांभूळ आहे, कारवी आहे, धायटी आहे. गेळ्याची झाडे फळांनी लगडली होती. आमच्यातील एका औषधी निर्मात्याने ती पाहताच पिशवी उघडली. बाजारातून येणाऱ्या मदनफळात किती भेसळ व किती किडके फळ असते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार! मामा पुन्हा आडवे आले. "शेठ, हितलं काय न्यायचं नाय. अभयारण्य हाये."

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यातून परवानगीविना वनस्पतींचे भाग नेता येत नाहीत, ही गोष्ट या वाचकांना वेगळी सांगायला नको. परंतु सरांनी, शालीत गुंडाळलेल्या अवस्थेतच, आणखी एक आठवण करून दिली. कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात मदनफळाचा संग्रह वसंत व ग्रीष्म यांच्या संधिकाळात, पांडुवर्णाची, पिकलेली, न किडलेली फळे निवडून करावा असे सांगितले आहे. मार्गशीर्षात खुडलेले हिरवे फळ कायद्यानेही अग्राह्य आणि शास्त्रानेही. पिशवी रिकामी झाली. एकाच दिवसात ग्रंथ जाणणाऱ्या आम्हा मंडळींना तीन वेळा थांबवावे लागले, त्यांपैकी दोनदा ग्रंथ न वाचलेल्या माणसाने.

रुग्णांना काय सांगावे

या अनुभवातून आम्ही आमच्यापुरते काही संकेत ठरविले आहेत. वाचक वैद्यबंधुभगिनींनी त्यांत आपल्या अनुभवाची भर घालावी.

१. पावसाळ्यात घळीत व डोहात उतरण्यास निक्षून मनाई करावी. घळ ही पाण्याचीच वाट आहे. माथ्यावर पडलेला पाऊस तळाशी लोंढा होऊन येतो आणि उभ्या कड्यांमुळे बाजूला होण्यास जागा नसते. अवकाळी पावसाची चिन्हे असतील तर हिवाळ्यातही हाच नियम. वर्षाऋतूतील नव्या गढूळ पाण्यात स्नान करणाऱ्याला बाह्य आणि ते पिणाऱ्याला आभ्यंतर रोग होतात, हे सुश्रुतवचनही सांगावे.

२. हृद्रोग, रक्तदाब, तमकश्वास व अपस्मार असलेल्यांनी डोंगर जरूर पाहावा, डोहात उतरू नये. अतिसार, पीनस, अजीर्ण, कर्णरोग व नेत्ररोग यांत स्नान निषिद्ध आहे. मग शीतजलातील अवगाहन कसे चालेल? जेवणानंतर लगेच पाण्यात जाऊ नये.

३. घाम निवेपर्यंत काठावर बसावे. पाण्यात उडी मारू नये, पायांपासून क्रमाने भिजावे. बाहेर येताच अंग कोरडे करून उबदार कपडे घालावेत.

४. बाहूंनी नदी तरून जाऊ नये, असे वाग्भटाचार्यांनी दिनचर्येत सांगितले आहे. पट्टीच्या पोहणाऱ्यानेही अनोळखी डोहात हा नियम पाळावा.

५. पिण्याचे पाणी घरून न्यावे. स्थानिक वाटाड्याविना जाऊ नये आणि त्याचा शब्द अखेरचा मानावा.

साम्रदला परतल्यावर मामांच्या घरी नाचणीची भाकरी, पिठले आणि ठेचा असे जेवण झाले. सरांनी दोन भाकरी खाल्ल्या, तेव्हा आमचा जीव खऱ्या अर्थाने भांड्यात पडला. निघताना त्यांनी मामांना विचारले, "घाम निवू द्यावा हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मामा म्हणाले, "बानं. ढोरं पाण्यावर न्यायचो तवा." गाडीत बसल्यावर सरांनी वही काढून ते वाक्य लिहून घेतले. यंदा कुष्ठाचे प्रकरण शिकविताना ते त्याच वाक्याने आरंभ करणार आहेत.