गोळी घेतली, शिंका कधी थांबतील?

भाद्रपद सरता सरता दिवेआगरला वाड्यांच्या कडेने, शेतांच्या बांधांवर गवत फुलोऱ्यावर येते. त्याचे परागकण वाऱ्याबरोबर पसरतात. किनाऱ्यावरच्या सुरूचे परागही वाराच वाहून नेतो. अशा परागांचे वावडे असलेल्या मुलाला मग शिंका येतात, नाका-डोळ्यांना खाज सुटते. हा 'परागज्वर'. नावात ज्वर असला, तरी यात ताप नसतो.

गोळी देऊन अर्धा तास झाला तरी शिंका चालूच राहतात. 'लागू पडली नाही' म्हणून कोणी दुसरी गोळी देतो. हे का चुकीचे आहे?

पराग नाकाच्या अस्तराला लागताच तेथील मास्ट पेशींतून काही मिनिटांत हिस्टामीन बाहेर पडते. चेतातंतू व रक्तवाहिन्या यांवरील 'एच-१' ग्राहींना ते चिकटले, की खाज, शिंका आणि पाणी सुरू होते. हिस्टामीनरोधक औषध हिस्टामीन नष्ट करीत नाही. ते ग्राहीवर ठाण मांडून हिस्टामीनला जागा मिळू देत नाही. शिवाय गोळी विरघळून, आतड्यातून रक्तात शिरून नाकापर्यंत पोहोचायला वेळ लागतोच. सेटिरिझिनचा गुण साधारण तासाभरात जाणवतो. लोराटाडिनला एक ते तीन तास लागतात. दोन्हींचा अंमल सुमारे दिवसभर टिकतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली गोळी बांधावरून शाळेकडे निघण्याआधी घेतलेली बरी.

चोंदलेले नाक मात्र या गोळ्यांनी फारसे मोकळे होत नाही. त्यामागे ल्युकोट्राइनसारखी इतर द्रव्ये आणि काही तासांनी तेथे जमणाऱ्या दाहकारक पेशी असतात. त्यावर नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा अधिक उपयोगी. पण त्याचा पूर्ण गुण यायला कित्येक दिवस नियमित वापर लागतो.

क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधे मेंदूतही शिरतात आणि गुंगी आणतात. घाईने दिलेल्या दुसऱ्या गोळीने शिंका लवकर थांबत नाहीत. मूल वर्गात पेंगते, आणि मात्रा फार वाढली तर जिवाला धोकाही संभवतो.

तेव्हा शिक्षकांनी गोळीची वेळ आणि शिंका थांबल्याची वेळ वहीत टिपायला सांगावे. आठवडाभराची ही नोंद डॉक्टरांनाही उपयोगी पडेल. मात्र धाप लागली किंवा छातीत घरघर ऐकू आली, तर गोळीचा गुण येण्याची वाट न पाहता मुलाला लगेच दवाखान्यात न्यावे.