आठ नंबरचा जोडा

अडतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाच्या डोक्यात काही आकडे कायमचे घर करून बसतात. पहिल्या शाखेचा कोड, हजेरीपटावरचा क्रमांक, स्ट्राँगरूमच्या किल्लीवर कोरलेला आकडा. निवृत्तीनंतर त्यांचा काडीचा उपयोग नसतो, पण ते जात नाहीत. माझ्या डोक्यात असाच एक आकडा ठाण मांडून होता. आठ. माझ्या बुटाचा नंबर. १९८१ साली नोकरीला लागलो, पहिल्या पगारातून काळे लेदरचे बूट घेतले, तेव्हा दुकानदाराने पायाखाली लोखंडी पट्टी सरकवली आणि 'आठ' असे जाहीर केले. त्यानंतर कुणी मोजले नाही आणि मीही मोजायला सांगितले नाही. कर्जदाराकडून दरवर्षी नवा ताळेबंद मागणारा मी, स्वतःच्या पायांच्या बाबतीत मात्र अडतीस वर्षे जुन्याच कागदावर सही करत राहिलो.

या निष्काळजीपणाची किंमत काय पडली, ते आज सांगायचे आहे. व्यायामासाठी बूट कसे निवडावेत हा विषय रविवारच्या पुरवणीच्या मानाने जरा किरकोळ वाटेल. मलाही तो तसाच वाटत होता.

मधुमेह मला २०११ सालापासून. आमच्या घरात तो वडिलोपार्जितच. निवृत्त झालो २०१९ मध्ये, आणि डॉक्टरांनी बजावले, "आता सबब नाही. रोज चाळीस मिनिटं चालायचं." कोल्हापुरात राहणाऱ्याला चालायला रंकाळा आहे, सोबतीला कट्टा आहे, परतताना मिसळीचा मोह आहे. प्रश्न पायांत काय घालायचे एवढाच होता. पुण्याहून मुलीचा फोन आला. "बाबा, तुमचा नंबर किती?" मी म्हटले, "आठ." चौथ्या दिवशी खोके दारात. निळे, हलके, टाचेखाली फुगीर रबर असलेले, धावपटूंचे बूट. किंमत तिने सांगितली नाही. खोक्यावरची चिठ्ठी खरवडून काढली होती. मुली असेच करतात.

बूट पायांत घातले तेव्हा ते मला घट्ट वाटले नाहीत. उलट छान 'बसल्यासारखे' वाटले. दीड महिना मी त्या बुटांतून ऐटीत चाललो. आणि नोव्हेंबरमधल्या एका सकाळी घरी येऊन मोजा काढला, तर करंगळीच्या बाजूला तो लाल झालेला. आत रुपयाएवढी जखम. दुखत मात्र काहीच नव्हते. 'ज्याचं जळतं त्याला कळतं' ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. इथे जळत माझेच होते, आणि कळत मात्र मलाच नव्हते.

डॉक्टरांनी मला पलंगावर आडवे करून डोळे मिटायला सांगितले. त्यांच्या हातात पेनासारखी काडी होती आणि तिच्या टोकाला नायलॉनचा जाड दोरा. हा दोरा दहा ग्रॅमचा दाब पडला की वाकतो. "तळव्याला टेकवतोय. जाणवलं की 'हो' म्हणा." मी वाट पाहत राहिलो. बराच वेळ गेला. शेवटी म्हणालो, "डॉक्टर, सुरू करा ना." ते म्हणाले, "दहा ठिकाणी टेकवून झालं. तुम्ही तीनदा हो म्हणालात."

त्या क्षणी मला माझे वडील आठवले.

अण्णा प्राथमिक शिक्षक. त्यांच्या चपलेतला एक खिळा वर आला होता आणि त्यांना तो कळला नाही. दिवसभर ते त्या खिळ्यावर वर्गात उभे राहून शिकवत होते. जखम चिघळली, आणि १९८५ साली त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर ते दोन वर्षे जगले. त्यांचा एक काळा जोडा होता, झेंडावंदनाला घालायचा. आई तो दर १५ ऑगस्टला काढून पुसायची. दोन्ही पुसायची. "एकच कशाला पुसू?" असे एकदा म्हणाली होती. एवढेच. बाकी काही बोलली नाही.

माझी जखम भरायला तीन महिने लागले. पुरता बरा होऊन बाहेर पडायला तयार झालो तोवर मार्च २०२० उजाडला आणि सगळे जगच घरात बसले. तीन महिन्यांत मुलगी पाच वेळा पुण्याहून येऊन गेली. दर वेळी ती माझ्या पायाकडे बघायची आणि मग खिडकीबाहेर बघायची. मी तिला शंभरदा सांगितले, "नंबर मी सांगितला होता, तू नाही." पण आपल्या भेटवस्तूने बापाच्या पायाला जखम झाली, हे तिच्या मनातून काढायला माझ्याकडे शब्द नव्हते. म्हणून मी बूट या विषयाचा अभ्यास करायला बसलो. बँकेतल्या माणसाला दुसरे काय येते? प्रकरण बुडाले की तो फाइल काढतो.

फाइलमध्ये पहिली गोष्ट सापडली ती अशी, की पाय हा काही मुदत ठेवीसारखा कायम तेवढाच राहत नाही. वयाबरोबर पायातले बंध सैल होतात, कमान थोडी बसते, पाय लांबतो आणि पसरतो. साठीच्या माणसाचा पाय त्याच्या विशीतल्या पायापेक्षा मोठा असू शकतो. दुसरी गोष्ट, बुटाचा नंबर फक्त लांबी सांगतो. आपल्याकडे चालणारी ही ब्रिटिश मापे. त्यांतल्या एका नंबराचे अंतर म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी, इंचाचा तिसरा हिस्सा. रुंदीबद्दल हा आकडा मूग गिळून बसतो. आणि आपले पाय तर रुंद. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या सुमारे एक लाख लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असल्याचे दिसले. म्हणजे आपण परक्या साच्यात पाय घालतो आणि बूट चावला की दोष पायाला देतो.

हेच ज्ञान मला एका वाक्यात मिळाले ते जुन्या शाखेसमोर बसणाऱ्या गटई कामगाराकडून. पूर्वी कधी तरी स्वयंरोजगार योजनेत आम्ही त्याला कर्ज दिले होते; त्याने ते वेळेवर फेडले होते. बंधने उठल्यावर तो निळा जोडा मी त्याच्यापुढे ठेवला. त्याने आत हात घातला, तळ उलटा करून पाहिला, माझ्या पायाकडे पाहिले आणि म्हणाला, "सायेब, ह्यो जोडा तुमचा न्हवंच. नंबर दुकानाचा असतोय, पाय आपला असतोय."

आमच्या कट्ट्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांचे मत वेगळे. "हे बुटांचं खूळ कंपन्यांनी काढलं. वारकरी अनवाणी पंढरपूरला जातातच ना? डेक्कन जिमखान्यावर आपली पोरं अनवाणीच धावत होती, ते बघूनच दोराबजी टाटांना त्यांना ऑलिम्पिकला पाठवावंसं वाटलं." ही गोष्ट खरी आहे. त्यातूनच १९२० साली अँटवर्पला आपला संघ गेला आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने तर १९६० साली रोममध्ये मॅरेथॉनचे सुवर्णपदक अनवाणी पायांनीच जिंकले. पण हाच बिकिला १९६४ साली टोकियोत बूट घालून धावला आणि पहिल्यापेक्षा कमी वेळात पुन्हा जिंकला. आणि मुख्याध्यापकांना मी आणखी एक सांगितले. अनवाणी चालणाऱ्याचा पाय बोलत असतो. खडा टोचला की तो पाय उचलतो. माझा पाय बोलायचा थांबला आहे.

हे ज्यांनी जगाला नीट समजावून दिले, ते डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यविशारद होते. कुष्ठरोग्याची बोटे रोगाने गळतात असे तेव्हा मानत. ब्रँड यांनी दाखवून दिले की मांस आपोआप झडत नाही. वेदना कळत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि पाय गमावतो. अशा पायांसाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला तयार झाल्या. पुढे अमेरिकेत त्यांनी हीच दृष्टी मधुमेहींच्या पायांनाही लावली. आज 'एम.सी.आर. चप्पल' म्हणून जी मधुमेहींना मिळते ती याच कुळातली. वेदना ही शरीराने नेमलेली हिशेब तपासनीस आहे. ती रजेवर गेली की घोटाळा व्हायला वेळ लागत नाही.

आणि इथेच बूट निवडण्यातली खरी मेख आहे. वीस-तीस वर्षे दुकानदार सांगत आले, तुमच्या तळव्याची कमान कशी आहे, पाऊल आत कलते की बाहेर, त्यावरून बूट घ्या. अमेरिकी सैन्याने २००९-१०च्या सुमारास नव्या जवानांना कमानीप्रमाणे बूट देऊन पाहिले. दुखापती काही कमी झाल्या नाहीत. पुढे २०१५ मध्ये कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या बेन्नो निग यांनी मांडले की जो बूट घालणाऱ्याला आरामदायी वाटतो तोच बहुधा त्याच्यासाठी योग्य. धडधाकट माणसाला एवढा सल्ला पुरतो. चार जोड घाला, चाला, जो पायांत आहे हे विसरायला होते तो घ्या. पण ज्याच्या पायाची जाणीव गेली आहे, त्याला आराम विचारून उपयोग नाही. तो पाय खोटी साक्ष देतो. किंबहुना अशा माणसाला घट्ट बूटच बरा वाटतो, कारण निदान तो घातल्याचे कळते तरी. मला ते निळे बूट 'छान बसले' होते ते यामुळेच.

म्हणून आता मी कागदावर विश्वास ठेवतो. पुढच्या खेपेला मुलगी आली तेव्हा तिने फरशीवर कोरा कागद ठेवला, मला त्यावर उभे केले आणि पेन्सिल उभी धरून माझ्या दोन्ही पायांभोवती रेघ काढली. उभे राहूनच, कारण भार पडला की पाऊल पसरते. संध्याकाळची वेळ निवडली, कारण दिवस कलला की पाय थोडे सुजतात. डावा पाय उजव्यापेक्षा मोठा निघाला. बूट घ्यायचा तो मोठ्या पायाच्या मापाने. मग दुकानात जाऊन बुटातली गादी बाहेर काढायची आणि त्या रेघेवर ठेवायची. रेघ गादीबाहेर गेली तर तो बूट परत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बूट हातात धरून वाकवला तर तो बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मधोमध मोडू नये. टाचेची वाटी घट्ट हवी, आत कुठे जाड शिवण नको. नाडी हवी किंवा चिकटपट्टी, म्हणजे सुजेप्रमाणे सैल-घट्ट करता येते. आणि ज्या कामाचा बूट त्या कामालाच: धावण्याचा उंच, मऊ बूट घालून बॅडमिंटन खेळायला गेलात तर बाजूला झेप घेताना घोटा मुरगळायचा.

त्या दिवशी माझा नंबर निघाला साडेनऊ. आपल्याकडे अर्धे नंबर सहज मिळत नाहीत, म्हणून दहा घेतला, रुंद पंजाचा. मुलगी दुकानात गुडघे टेकून बसली, अंगठ्याने पुढची जागा दाबून पाहिली आणि पहिल्यांदा हसली.

नवा बूट पहिल्या दिवशी अर्धा तासच घातला. मग पाय तपासले. कुठे लाली नाही ना ते पाहिले. असे करत आठ दिवसांनी पूर्ण फेरी. मोजे पांढरे, म्हणजे डाग लगेच दिसतो. रात्री आरशात तळवे पाहणे हा आता नित्यनेम. घरातही अनवाणी चालत नाही. घसाऱ्याचा हिशेबही ठेवतो: असा बूट पाचशे ते आठशे किलोमीटर टिकतो असे धरतात, महिन्याला शंभर किलोमीटर चालणाऱ्याने वर्षभर तोच ओढू नये, वरून कितीही नवा दिसला तरी. एक दुःख मात्र आहे. कोल्हापुरी चप्पल सुटली. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच वर्षी माझ्या पायांतून ती गेली. तिचा तो करकर आवाज आता दुसऱ्याच्या पायांतून ऐकतो.

लहानपणी आम्ही खेड्यात राहायचो. अण्णा शाळेला निघताना बूट उचलून उंबऱ्यावर दोनदा आपटायचे, मग आत वाकून पाहायचे. "विंचू असतो," ते सांगायचे, "हात आधी, पाय मागून." आम्ही भावंडे हसायचो, विंचू कधी निघाला नाही. आज शहरातल्या चौथ्या मजल्यावर, जिथे विंचू येण्याची काही शक्यता नाही, मी रोज पहाटे बूट उलटा करून आपटतो आणि आत बोटे फिरवतो. कधी खडा सापडतो, कधी गादीची सुरकुती. परवा नातवाने विचारले, "आजोबा, काय शोधताय?"

"विंचू," मी म्हटले. तोही हसला. मग त्याने आपला बूट उचलला आणि उंबऱ्यावर दोनदा आपटला.