पिळदार शरीर : मेद, पाणी आणि वजनकाटा

इ.स. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलातील वैद्यक आल्बर्ट बेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन फुटबॉलच्या २५ व्यावसायिक खेळाडूंची तपासणी केली. उंची-वजनाच्या तत्कालीन कोष्टकानुसार त्यांपैकी १७ जण अतिवजनी म्हणून लष्करी सेवेस अपात्र ठरत होते. पाण्याखाली वजन घेऊन शरीराची घनता काढल्यावर मात्र हा भार मेदाचा नसून स्नायूंचा असल्याचे स्पष्ट झाले. मेदाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम, तर उर्वरित शरीराची सुमारे १.१ ग्रॅम असते. एवढ्याशा फरकावर ही पद्धत उभी आहे. वजनकाट्याला तो फरक कळत नाही. आपल्या जिमखान्यांतून मात्र आजही प्रामुख्याने काट्यावरच भिस्त ठेवली जाते, म्हणून हा विषय येथे मांडला आहे.

त्वचेखालील मेदाचा थर स्नायूंच्या रेषा झाकतो. तो कमी होणे हे सावकाशीचे काम आहे. एक किलो मेदात साधारणतः ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते; रोज ५०० किलोकॅलरींची तूट राखली तरी तो घटण्यास पंधरवडा लागतो. शिवाय पुरुषांत सुमारे ३ टक्के व स्त्रियांत सुमारे १२ टक्के मेद जीवनावश्यक मानला जातो.

पाण्याची गोष्ट निराळी आहे. स्नायूचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. बर्गस्ट्रॉम व हल्टमन यांनी १९६६ मध्ये एका पायाने सायकल चालवण्याचा प्रयोग करून दाखविले की, व्यायामाने रिकामा झालेला स्नायू पिष्टमय आहार मिळताच नेहमीपेक्षा कितीतरी अधिक ग्लायकोजन साठवितो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते. म्हणजे ४०० ग्रॅम ग्लायकोजन खर्ची पडले की काट्यावर सुमारे दीड किलोची घट दिसते. विद्यार्थी दोन-तीन दिवस भात-पोळी सोडतो, कसून व्यायाम करतो आणि चरबी उतरली म्हणून हर्षभरित होतो; प्रत्यक्षात मेद जवळजवळ होता तेवढाच असतो आणि स्नायू मात्र सपाट दिसू लागतात. याउलट, खारट जेवणानंतर पाणी मुख्यतः पेशींच्या बाहेर साचते, त्वचेखाली किंचित फुगीरपणा येतो, रेषा पुसट होतात. निरोगी मूत्रपिंडे एक-दोन दिवसांत ते मूळपदावर आणतात.

शरीरसौष्ठव स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणी तोडण्याची प्रथा याच निरीक्षणातून निघाली, पण चुकीच्या तर्काने. त्वचेखालचे तेवढे पाणी काढून स्नायूंतील राखता येते, असे तीत गृहीत धरले आहे. परासरणामुळे पाणी पेशींच्या आतबाहेर फिरत असते. बाहेरचे आटले की आतलेही ओढले जाते. रक्तद्रव घटतो, स्नायूंत रक्त उतरून येणारा ताठरपणा कमी होतो. ज्यासाठी खटाटोप केला तेच हातचे जाते. मूत्रल औषधांनी पोटॅशियमही वाहून जाते व हृदयाची लय बिघडू शकते. व्यावसायिक शरीरसौष्ठवपटू मोहम्मद बेनाझिझा यांचा १९९२ मध्ये नेदरलँड्समधील स्पर्धा जिंकल्यानंतर काही तासांतच मृत्यू झाला. मूत्रल औषधे व निर्जलीकरण हे त्याचे कारण सांगितले गेले.

महाविद्यालयांच्या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण १९९७ चे आहे. त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरविताना दगावले. रबरी पोशाख, उष्ण खोली आणि बंद केलेले पाणी, हा क्रम तिघांतही सारखा होता. त्यानंतर तेथील आंतरमहाविद्यालयीन क्रीडासंघटनेने असे पोशाख व बाष्पस्नान यांवर बंदी घातली आणि किमान वजनगट ठरविण्याची रीत बदलली. प्रथम लघवीची विशिष्ट घनता १.०२० पेक्षा अधिक नाही, म्हणजे शरीरात पुरेसे पाणी आहे, याची खात्री करावयाची. मगच मेदाचे प्रमाण मोजावयाचे. त्वचेची घडी मोजण्याचा चिमटा आणि लघवी-तपासणीच्या पट्ट्या या दोन्ही वस्तू आपल्या जिमखान्याच्या तरतुदीतही सहज बसू शकतील.