पोटरी उडते, झोप उडते

डोळा लवला की आपल्याकडे घरातले वडीलधारे लगेच विचारतात, “उजवा की डावा?” पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा लवणे शुभ, असा समज. शकुन मानणारे असोत वा त्याला हसणारे, एक गोष्ट दोघांनाही ठाऊक असते. डोळा सगळ्यांचाच लवतो आणि थोड्या वेळाने आपोआप थांबतो.

आमच्या प्रयोगशाळेतील एका सहकाऱ्याला मात्र या साध्या गोष्टीने सहा महिने छळले. आधी पापणी, मग पोटरी, मग दंड. एका रात्री त्याने मोबाइलवर ‘स्नायू का उडतात’ हे शोधले आणि त्याच्यासमोर एका आजाराचे नाव आले: अ‍ॅमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस, म्हणजे एएलएस. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली ज्याचे निदान झाले, तोच हा आजार. त्यात स्नायूंची ताकद हळूहळू जाते आणि तो बरा करणारे औषध अजून नाही. त्या रात्रीपासून सहकाऱ्याची झोप उडाली. हा जीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला, आकडेवारी वाचू शकणारा माणूस. मग भीतीने त्याला असे कसे गाठले? हे समजून घ्यायचे तर आधी स्नायू का उडतो ते पाहू.

कातडीखाली काय घडते?

मेरुरज्जूतील प्रेरक चेतापेशीचा लांब अक्षतंतू स्नायूपर्यंत जातो. तेथे त्याला फाटे फुटतात आणि एकेक फाटा एकेका स्नायुतंतूला मिळतो. एक चेतापेशी आणि तिच्या हुकमतीखालचे सगळे तंतू यांना मिळून ‘प्रेरक एकक’ म्हणतात. बुबुळे फिरवणाऱ्या स्नायूंत एका पेशीच्या वाट्याला मोजकेच तंतू येतात, तर पोटरीच्या मोठ्या स्नायूत हजाराहून अधिक.

कधी कधी मेंदूचा हुकूम नसतानाच अक्षतंतूत, बहुधा त्याच्या टोकाकडच्या फाट्यांत, विद्युत स्पंद निर्माण होतो. त्या एककातील सगळे तंतू एकदम आकुंचन पावतात आणि कातडीखाली काहीतरी टुणकन उडाल्यासारखे दिसते. जागरण, थकवा, जोराचा व्यायाम, चहा-कॉफीचा अतिरेक आणि मानसिक ताण यांनी हे प्रमाण वाढते.

एएलएसमध्येही स्नायू उडतात, पण तेथे प्रेरक चेतापेशीच मरत असतात. तंतूंना हुकूम मिळेनासा होतो, स्नायू दुबळा होतो आणि रोडावतो. शर्टाची बटणे लागत नाहीत, चालताना पाऊल अडखळते, किंवा बोलताना जीभ जड होते. अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. पण ताकद शाबूत आहे, तपासणीत काही आढळत नाही आणि केवळ स्नायू उडतात, तर ते जवळपास नेहमीच निरुपद्रवी असते.

वर्गात करण्यासारखा हिशोब

१९६३ साली अमेरिकेत पाचशेहून अधिक निरोगी माणसांची पाहणी झाली. त्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांनी आपले स्नायू कधी ना कधी उडतात असे सांगितले. एएलएसचे नवे रुग्ण युरोप-अमेरिकेत दरवर्षी लाखामागे साधारण दोन-तीन आढळतात. आता एक लाख वस्तीचे गाव कल्पा. स्नायू उडणारे ७० हजार आणि वर्षभरात नवे रुग्ण फार तर तीन. या तिघांचेही स्नायू उडतात असे धरले, तरी उडणाऱ्या सुमारे २३ हजार लोकांमागे एक रुग्ण. हिशोब ढोबळ आहे, पण मुलांना त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. ‘या आजारात स्नायू उडतात’ आणि ‘स्नायू उडतात म्हणजे हा आजार आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पाऊस पडला की अंगण ओले होते. पण अंगण ओले दिसले म्हणून पाऊस पडला असे नाही. कोणी सडाही घातला असेल!

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९३ साली आणखी एक पुरावा मांडला. ज्यांचे स्नायू उडतात, पण तपासणीत दुसरे काही सापडले नव्हते, अशा १२१ जणांचा त्यांनी दोन ते बत्तीस वर्षांनंतर मागोवा घेतला. त्यांपैकी एकालाही एएलएस झालेला नव्हता.

आमच्या सहकाऱ्याने हे सगळे वाचले होते. तरी भीती गेली नाही.

चक्र कसे फिरते?

तो रोज सकाळी ताकद तपासण्यासाठी पन्नास वेळा चवड्यांवर उभा राहायचा. त्याने पोटऱ्या थकायच्या आणि अधिकच उडायच्या. ज्या चाचणीने भीती घालवायची, तीच चाचणी लक्षण निर्माण करीत होती! घाबरल्यावर तो भराभर श्वास घ्यायचा. अशा श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्ताची आम्लता घटते, त्यातील मुक्त कॅल्शियम कमी होते आणि चेता अधिक उत्तेजित होतात. मग बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. त्याला वाटायचे, आणखी एक लक्षण वाढले.

यात भर पडते ती लक्ष देण्याची. एक साधा प्रयोग करून पाहा. हात मांडीवर ठेवून दोन मिनिटे फक्त तळव्याकडे लक्ष द्या. ऊब, ठोके, मुंग्या असे काही ना काही बहुतेकांना जाणवू लागते. हे सगळे आधीही होतेच, पण मेंदू ते बाजूला सारत होता. दिवसभर पोटरीवर पहारा ठेवणाऱ्याला पोटरीची प्रत्येक हालचाल कळणारच.

आमच्याही दोन चुका झाल्या. सुरुवातीला आम्ही म्हणालो, “काही नाही रे, मनाचे खेळ आहेत.” त्याला ते लागले, आणि रास्तच होते. स्नायू खरोखर उडत होते. चुकत होता तो त्यांचा अर्थ. नंतर त्याची दया येऊन आम्ही रोज टेपने त्याच्या पोटऱ्या मोजून देऊ लागलो. दिलासा संध्याकाळपर्यंत टिकायचा. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक आला, की रात्र वैऱ्याची.

चेतातज्ज्ञांनी त्याला नीट तपासले. स्नायूत सुई घालून तेथील विद्युत हालचाल नोंदवणारी चाचणीही केली. सगळे ठीक निघाले. पंधरा दिवस बरे गेले. मग प्रश्न आला, “पण चाचणी फार लवकर केली असेल तर?”

या प्रश्नाला अंत नाही हे तेव्हा आमच्या ध्यानात आले. त्याला ‘कधीच काही होणार नाही’ अशी शंभर टक्के खात्री हवी होती. ती कोणतीही चाचणी देऊ शकत नाही. विज्ञान संभाव्यता सांगते आणि उरलेल्या किंचित शंकेसह जगावे लागते. रस्ता ओलांडताना आपण तेच करतो. आजाराच्या चिंतेत माणूस ती किंचित शंकाही पुसायला निघतो आणि प्रत्येक नवी तपासणी तिला खतपाणी घालते.

बाहेर पडण्याची वाट

या चिंतेवर उपचार आहेत. विचार आणि वागणे यांतील साखळी ओळखून ती बदलायला शिकवणारी एक मानसोपचार पद्धती आहे. इंग्लंडमधील रुग्णालयांत येणाऱ्या, आरोग्याची अतोनात चिंता असलेल्या ४४४ जणांवर तिचा अभ्यास झाला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत या पद्धतीने चिंता अधिक कमी झाली आणि हा फरक दोन वर्षांनंतरही टिकून होता.

आमचा सहकारीही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला. चवड्यांची चाचणी आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, मग बंद. रात्रीचे मोबाइलवरचे शोधणे बंद. आम्हालाही काम मिळाले होते: टेप कपाटात ठेवायची. त्याने विचारले, की आम्ही एवढेच म्हणायचो, “पोटरी उडते हे खरे. मोजणार मात्र नाही. चल, फिरून येऊ.” पहिले काही आठवडे हे त्याला जड गेले, आणि आम्हालाही.

चेतासंस्थेचा धडा शिकवून झाल्यावर एखादी मुलगी मागे थांबून हळूच म्हणेल, “बाई, मला हाच आजार झालाय का?” तेव्हा तिला हसू नका. काय होते, कधी होते, ते विचारा. गरज वाटली तर पालकांना सांगून एकदा डॉक्टरांकडून नीट तपासणी होऊ द्या. तीच शंका पुन्हा पुन्हा आली, तर दर वेळी नवा दिलासा देण्याऐवजी तिच्या भीतीबद्दल बोला. भीती फार वाढली, तर समुपदेशकाची मदत घ्या. आणि वरचा गावाचा हिशोब सगळ्या वर्गाला करायला द्या.

सहकाऱ्याची पोटरी अजूनही उडते. परवा चर्चा चालू असताना त्याने एकदा खाली पाहिले आणि पुन्हा फळ्याकडे वळून तो आलेख काढू लागला.