निरोप अचानक चालेल, निवृत्ती नको

सरकारी नोकराच्या निवृत्तीची तारीख सेवापुस्तिकेवरून आधीच ठरते. नांदेडच्या इतवाऱ्यातील कापड दुकानात किंवा लातूरच्या डाळ मिलमध्ये अशी तारीख बहुधा नसते. नजर अधू झाली, हात थरथरू लागला की माणूस घरी बसतो. वीस-पंचवीस वर्षे सोबत राबलेल्या अशा सहकाऱ्याला त्याच्या नकळत निरोप समारंभ करून चकित करावे, ही कल्पना आम्हाला पसंत आहे. मात्र तयारीत काही गोष्टी सांभाळल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, निवृत्तीची तारीख त्याच्याशी बोलून आधी ठरवा. गुप्त ठेवायचा तो समारंभ. गळ्यात हार पडल्यावरच काम सुटल्याचे कळले, तर तो सत्कार राहत नाही.

दुसरी गोष्ट हिशेब. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाच वर्षे सलग नोकरी केलेल्या कामगाराला निवृत्तीवेळी ग्रॅच्युइटी द्यावी लागते. १९७२ च्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी मूळ सूत्र तेच आहे. शेवटच्या मासिक पगाराला २६ ने भागून १५ ने गुणायचे आणि नोकरीच्या वर्षांनी पुन्हा गुणायचे. ग्रॅच्युइटीसाठी धरावयाचा पगार १३,००० रुपये आणि नोकरी २० वर्षे असेल, तर रक्कम दीड लाख होते. नगावर काम करणाऱ्याची शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी धरतात. ही रक्कम तीस दिवसांत द्यायची असते. ती त्याची कमाई आहे. समारंभात बक्षीस म्हणून मिरवू नये. छोट्या दुकानाला हा कायदा लागू नसला, तरी घाम वाळण्याआधी मजुरी हाती पडावी ही प्रेषितांची (स.) शिकवण सर्वांनाच लागू आहे.

आता समारंभ. तुरीच्या आवकेचे दिवस, लग्नसराई व रमजान टाळून साप्ताहिक सुट्टीचा दिवस निवडावा. त्याच्या घरच्यांना विश्वासात घ्यावे. भेट काय उपयोगी पडेल आणि तब्येतीला काय झेपेल, हे त्यांनाच ठाऊक असते. बोलावण्यासाठी खोटे बोलायची गरज नाही. ‘शेठजींनी चहाला बोलावले आहे’ एवढे पुरे, आणि चहाही खरोखर ठेवावा. वर्गणी ऐपतीप्रमाणे घ्यावी, एकाच्या हाती ठेवावी आणि वहीत लिहावी. कोणी किती दिले ते वाचून दाखवू नये. दालचा-खाना केला तर शाकाहारी सहकाऱ्यांची वेगळी सोय करावी. नमाजची वेळ सांभाळावी.

गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवरील पेढ्या अशाच हातांच्या जोरावर चालत आल्या आहेत. शेवटी त्याच्या हाताखाली शिकलेल्या एखाद्या पोराला दोन शब्द बोलू द्यावेत. उस्तादाला शालीपेक्षा ते अधिक काळ लक्षात राहतील.